खुंटीवरचा बॅज

८ जुलै

श्वासबाई,

पत्राला सुरुवात कशी करावी यातच माझी जेवणाची सुट्टी संपली. ‘प्रिय’ लिहिलं असतं तर तू पुढचं वाचलं नसतंस, आणि ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं असतं तर हसली असतीस. म्हणून पेशंट तुला ज्या नावाने ओळखतात तेच लिहिलं. अजून रोज दोघं-तिघं एक्स-रेच्या खोलीत डोकावून विचारतात, ‘ती श्वास घ्या, धरा, सोडा म्हणणारी बाई कुठे गेली?’ बदली झाली म्हणून सांगितलं की माझ्याकडे अशा नजरेने बघतात की मीच तुला कुठे तरी लपवून ठेवलंय.

तुला जाऊन दोन महिने झाले. मी सात फोन केले, तू एकही उचलला नाहीस. बरं, मी काही मान-अपमान धरून बसणारा माणूस नाही, म्हणून लिहायला बसलो. आणि खरं सांगायचं तर कामही आहे.

एक तारखेपासून नवा आदेश लागू झालाय. संघटनेच्या पदाधिकाऱ्याने ड्यूटीच्या वेळेत संघटनेचं काम आठवड्यातून दोनच तास करायचं. तेही आधी लेखी परवानगी काढून, कुठे जाणार, कशासाठी जाणार, परत किती वाजता येणार हे सगळं वहीत लिहून. मी एकोणीस वर्षं या हॉस्पिटलच्या कर्मचारी संघटनेचा सरचिटणीस आहे. एकतीस लोकांच्या खातेनिहाय चौकशीत मी त्यांचा बचाव सहाय्यक म्हणून शेजारी बसलोय. माणसावर बालंट येतं ते काय गुरुवारी तीन ते पाच अशी वेळ ठरवून येतं? पहिल्या दिवशी वहीत ‘कारण’ या रकान्यात मी ‘जुलूम’ असं लिहिलं. अधीक्षकांनी लाल शाईने शेरा मारून परत पाठवलं, ‘नेमके कारण नमूद करावे’. या माणसाला विनोद कळत नाही की मुद्दाम कळून घेत नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

प्रशासनाचं म्हणणं असं की पदाधिकारी खुर्ची सोडून हिंडतात आणि पेशंट ताटकळतात. त्याला उत्तर द्यायचं आमच्या अध्यक्षांनी ठरवलंय. प्रत्येक पदाधिकाऱ्याच्या विभागातल्या एका सहकाऱ्याने लिहून द्यायचं की संघटनेच्या कामामुळे आमच्या विभागाचं काम कधीही अडलं नाही. आपल्या खोलीत चौदा वर्षं माझ्याबरोबर तूच होतीस. तेव्हा चार ओळी लिहून पाठव. मजकूर सोबत जोडलाय, खाली फक्त सही करायची आहे.

तुझं अपील मी विसरलेलो नाही. सुनावणी नोव्हेंबरात लागेल असं कळतं. तोवर त्या आडगावच्या दवाखान्यात केसपेपर फाड, काय करणार. तुझी वहिनी तुझी आठवण काढते.

दादा

२९ जुलै

श्वासबाई,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ. ‘दादा, त्या मंगळवारी तुम्ही कुठे होतात?’

मी कुठे होतो ते तुला माहीत आहे. तरी विचारलंस म्हणून सांगतो. मी लॉन्ड्रीतल्या मावशीपाशी होतो. चादरी दाबायच्या रोलरमध्ये तिची तीन बोटं गेली होती आणि कचेरीत तिचा कागद तयार होत होता की तिने स्वतःच्या निष्काळजीपणाने हात घातला. सकाळी साडेदहा ते दुपारी चार मी त्या कचेरीतल्या बाकावर ठाण मांडून बसलो. रोलरच्या जाळीचा नट सहा महिन्यांपूर्वीच पडलाय आणि तशी तक्रार मावशीने स्वतः केली होती, हा कागद शोधून काढायला लावला. कामावर असताना झालेली दुखापत अशी नोंद करून घेतली आणि मगच उठलो. ती बाई आज नोकरीत आहे. मी काही पत्ते कुटत नव्हतो, एवढंच सांगायचंय.

आणि तू कुठे होतीस तेही मला माहीत आहे. खोलीत तू एकटी होतीस. दोन वॉर्डांत पोर्टेबल मशीन ढकलत नेऊन तिथल्या पेशंटचे फोटो काढून आली होतीस. पावणेतीनला स्ट्रेचरवरून तो गवंडी आला. दोन्ही गुडघे सुजलेले, ऑपरेशन उजव्याचं. फिल्मवर डावं-उजवं कळावं म्हणून आपण फिल्म ठेवायच्या कॅसेटच्या कोपऱ्यात शिशाचं अक्षर चिकटवतो. तू डाव्याचं अक्षर उजव्या गुडघ्याच्या कॅसेटवर लावलंस, त्यामुळे ऑपरेशनचा गुडघा फिल्मवर डावा ठरला. सर्जनने डाव्या गुडघ्यावर चार बोटं लांब चीर दिल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो थांबला. गवंडी बरा आहे, मागच्या महिन्यात तपासणीला आला होता. त्याने तुझ्याबद्दल वाईट शब्द काढला नाही. ‘चूक कुणाची होत नाही,’ म्हणाला.

तुझ्या चौकशीत तुझा बचाव सहाय्यक मीच होतो. मशीन जुनं आहे, रांग मोठी असते, रोज नव्वदच्या वर फोटो निघतात, हे सगळं मी घसा फोडून सांगितलं. तू एकटी होतीस हे मात्र सांगितलं नाही. मस्टरवर त्या दिवशी माझी सही होती. मी खोलीत नव्हतो असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की मग कुठे होता, आणि त्यानंतर, एकोणीस वर्षं कुठे कुठे होता. संघटनेच्या गळ्याशी आलं असतं. चारशे माणसांच्या संघटनेचा विचार करावा लागतो. तूही त्या टेबलाशी काही बोलली नाहीस. तुझं ते गप्प बसणं मला तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं.

त्या चार ओळींचं राहू दे. दुसरं कुणी तरी बघतो.

दादा

१४ सप्टेंबर

श्वासबाई,

हे पत्र डार्करूममध्ये उभ्याने लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. बसलो की उठवत नाही.

तुझ्या जागी उसना आणलेला तंत्रज्ञ जूनअखेर त्याच्या हॉस्पिटलात परत गेला. दुसरा देतो म्हणतात. म्हणजे देणार नाहीत. आदेशामुळे मलाही कुठे जाता येत नाही, त्यामुळे गेले अडीच महिने मी एकटाच खोलीत आहे. काल चौऱ्याण्णव फोटो काढले. जेवणाचा डबा सव्वाचारला उघडला. पोर्टेबलचं पुढचं डावं चाक अडकतं, हे तू मला किती वेळा सांगितलं होतंस, आणि मी ‘तक्रार लिहून ठेव’ म्हणून मोकळा व्हायचो. काल ते मशीन तिसऱ्या मजल्याच्या वॉर्डात नेताना उतारावर सुटलं आणि मी त्याच्यामागे धावलो. छप्पन्न वर्षांचा सरचिटणीस शिशाचा एप्रन घालून पळतोय, हे बघून नर्सेसची चांगलीच करमणूक झाली.

घरी गेल्यावर तुझ्या वहिनीला म्हटलं, पोटऱ्या दुखतायत, जरा बाम दे. ती बाम घेऊन आली आणि म्हणाली, “ती पण म्हणायची पाय दुखतात. तुम्ही घरी येऊन नक्कल करून दाखवायचात.” मी केली असेन नक्कल. मला आठवत नाही. पण तिला आठवतंय म्हणजे केली असणार.

आता एक गोष्ट सांगतो, तुला मजा वाटेल किंवा राग येईल. माझे दोन तास मी गुरुवारी घेतो. परवानगी काढतो, वहीत लिहितो, खोलीला कुलूप लावतो आणि जातो. परवाच्या गुरुवारी परत आलो तर बाकावर एक म्हातारी बसलेली. मनगट मोडलेलं, हात ओढणीत बांधलेला. दोन तास कुलपाकडे बघत बसली होती. मला म्हणाली, “जेवायला गेला होता का बाळा?” मी कुलूप उघडलं आणि तिला आधी आत घेतलं.

त्या रात्री मला सारखं वाटत होतं की पूर्वी असं कधी झालं नव्हतं. मी दिवसचे दिवस बाहेर असायचो, पण खोलीला कुलूप कधी लागलं नाही. म्हणून तर मी छाती पुढे काढून सांगायचो की संघटनेच्या कामाने आमच्या विभागाचं काम अडत नाही. ते अडत नव्हतं कारण तू आत होतीस. आता हे लिहिताना इतकं उघड दिसतंय की लाज वाटते.

मी आदेशाच्या बाजूचा झालोय असं समजू नकोस. दोन तास फार कमी आहेत. मावशीच्या वेळी हा आदेश असता तर ती आज घरी बसली असती. पण मी एकोणीस वर्षं म्हणत आलो की हे तास आम्ही सरकारकडून भांडून मिळवले. सरकारने त्यातला एकही तास दिलेला नाही. माझे सगळे तास तू दिलेस, आणि तुला कुणी विचारलंही नाही.

तुझी लेक परवा दिसली, तिच्या बाबांबरोबर. उंच झालीय. आई फक्त रविवारी येते म्हणाली.

दादा

३१ ऑक्टोबर

श्वासबाई,

आज सांगतो. तीन पत्रं लिहिली आणि तिन्हींत हे टाळलं.

आपण छातीला बॅज लावतो, किती किरण अंगाने घेतले ते मोजायचा. दर तीन महिन्यांनी ते प्रयोगशाळेत जातात आणि आकडे येतात. आपले आकडे नेहमी शून्याच्या आसपास, म्हणून तो कागद कुणी नीट बघत नाही. काल जुलै ते सप्टेंबरचा कागद आला. माझ्या नावापुढे दोन पूर्णांक चार. सोबत छापील फॉर्म, ‘आकडा नेहमीपेक्षा जास्त आहे, कारण कळवावे’. जिवाला धोका नाही, काळजी नको. एकट्याने रोज नव्वद फोटो काढले, शिशाला भेगा पडलेला एप्रन घालून वॉर्डावॉर्डांत पोर्टेबल फिरवलं, त्याचा तो आकडा आहे.

असाच फॉर्म फेब्रुवारीत आला होता. त्या मंगळवारच्या तिमाहीचा, जेव्हा मी खोलीत जवळजवळ नव्हतोच. तुझ्या नावापुढे दोन पूर्णांक तीन होते. माझ्या नावापुढे शून्य. कारण बाहेर जाताना मी माझा बॅज आणि कोट दाराजवळच्या खुंटीला टांगून जायचो. कोट दिसला की अधीक्षकांना वाटायचं मी डार्करूममध्ये असेन. तुला हे माहीत आहे, कुणी विचारलं तर ‘आत आहेत’ असं तूच सांगायचीस.

त्या फॉर्मवर कारण मी लिहिलं. खोलीचा प्रमुख म्हणून ते माझंच काम. मी लिहिलं, ‘सदर कर्मचाऱ्याने बॅज चुकून मशीनच्या खोलीत ठेवलेला असावा.’ जास्त आकडा आला की सगळे हेच लिहितात, ठरलेलं वाक्य आहे. खरं लिहायचं तर असं लिहावं लागलं असतं की दोन माणसांचं काम एका माणसाने केलं. मग दुसरा माणूस कोण, हे विचारायला कुणी लांबून यायची गरज नव्हती. दोन आकडे शेजारी शेजारीच होते.

मी ते लिहिलं तेव्हा तुझी चौकशी सुरू व्हायची होती. हा कागद तुझ्याविरुद्ध जाईल हे मला खरंच सुचलं नाही. पण एप्रिलमध्ये तो चौकशीच्या टेबलावर आला आणि वाचून दाखवला, की ही बाई बॅजदेखील जागेवर ठेवत नाही, म्हणजे निष्काळजीपणा तिच्या सवयीचाच आहे. नुसत्या अक्षराच्या चुकीवर तुझी एक वेतनवाढ गेली असती आणि विषय मिटला असता. सवय म्हटलं म्हणून तुझं मशीन काढून घेतलं. वाचताना सही कुणाची ते सांगितलं नाही, फक्त ‘विभागाकडून’ एवढंच म्हणाले. तू माझ्याकडे बघितलंस. नंतर व्हरांड्यात विचारलंस, “दादा, मी बॅज कधी काढून ठेवते का? हे कुणी लिहिलं?” मी म्हटलं, “कचेरीतून गेलं असेल.”

तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी तुझी वकिली केली आणि तुला बुडवणारा कागद माझ्याच अक्षरात होता. याच्यापुढे मला काही लिहिता येत नाही. क्षमा माग असं तू म्हणशील तर मागतो, पण ती मागून तुला तुझी लेक आठवड्याचे सात दिवस मिळणार नाही.

दोन्ही कागद माझ्याकडे आहेत. तुझी सुनावणी अठरा तारखेला आहे.

दादा

६ नोव्हेंबर

श्वासबाई,

अध्यक्षांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली. माणूस घाबरट नाही, पण सावध आहे. मला म्हणाले, “तुला तिच्यासाठी वाईट वाटतंय, मलाही वाटतंय. पण हे दोन आकडे अपिलात गेले की उद्या ते सगळीकडे नाचवतील. बघा, तुमचे पदाधिकारी हजेरी लावतात आणि पसार होतात. दोन तास आहेत तेही जातील. एका बाईसाठी चारशे लोकांच्या पोटावर पाय देणार का?”

हेच वाक्य मी तुला जुलैमध्ये लिहिलं होतं, थोड्या वेगळ्या शब्दांत. तेव्हा मला ते फार पटलेलं होतं. मी त्यांना म्हटलं, त्या चारशेंमध्ये तीही धरलेली आहे ना? त्यांनी डोकं धरलं. म्हणाले, “एवढं असेल तर आधी राजीनामा दे, मग जा. सरचिटणीस म्हणून जाऊ नकोस.”

त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं, आणि आवाज चढवून म्हटलं असतं.

राजीनामा टाईप करून ठेवलाय. अजून दिलेला नाही. खरं सांगू का, माझी पाचावर धारण बसलीय. निवृत्तीला वीस महिने राहिलेत. संघटना काढून घेतली तर माझ्यात काय उरतं ते मला माहीत नाही. वहिनीला विचारलं काय करू. ती भांडी घासत होती, वळलीसुद्धा नाही. म्हणाली, “मला कशाला विचारता, मी काय तुमची सभासद आहे?”

दादा

१९ नोव्हेंबर

श्वासबाई,

काल तू व्हरांड्याच्या त्या टोकाच्या बाकावर बसली होतीस. मी जवळून गेलो, तू मान वर केली नाहीस. माझी साक्ष घेताना तुला बाहेर ठेवलं, म्हणून आत काय झालं ते लिहितो. उद्या कुणी वेगळं सांगायला नको.

राजीनामा मी सकाळीच दिला. सुनावणीसाठी रजा काढली, पूर्ण दिवसाची. अपिलाच्या अधिकारी बाई वयाने माझ्याहून लहान, चष्मा कपाळावर ठेवून वाचतात. मी दोन्ही तिमाह्यांचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांना आधी काही कळलं नाही, सगळे आकडे बारीकच असतात. मी म्हटलं, “बाई, हा फेब्रुवारीचा कागद. तिचे दोन पूर्णांक तीन, माझं शून्य. हा आत्ताचा. आता मी एकटा आहे, माझे दोन पूर्णांक चार. माझा बॅज मशीनच्या खोलीत राहिलेला नाही, माझ्या छातीवर होता. तिचाही तिच्या छातीवर होता. तो राहून गेला हे मी खोटं लिहिलं.”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “म्हणजे त्या तीन महिन्यांत तुम्ही खोलीत नव्हता.”

“फार थोडा वेळ होतो.”

“मस्टरवर सह्या आहेत.”

“सह्या माझ्याच आहेत. काम तिचं आहे.”

अधीक्षक शेजारी बसले होते. मला वाटलं आता ते खूश होतील, एकोणीस वर्षांची भरपाई. ते खूश दिसले नाहीत. म्हणाले, “मग तेव्हाच का नाही सांगितलं? मी मागितला असता ना दुसरा माणूस.” मी त्यांना सुनावणार होतो की तुम्ही आत्ता तरी कुठे मागितलाय. पण त्यांनी विचारलेलं बरोबर होतं. दरवर्षी आम्ही मागण्यांचं निवेदन द्यायचो. पदाधिकाऱ्यांना तास वाढवून द्या, ही पहिली मागणी असायची. जाणाऱ्याच्या जागी कोण उभं राहणार, हे एकाही निवेदनात नाही. ती सगळी निवेदनं मी लिहिलीत.

अधिकारी बाईंनी शेवटी विचारलं, की तुम्ही हे स्वतःहून सांगताय, याचे तुमच्यावर परिणाम होतील हे माहीत आहे ना? मी हो म्हटलं.

निघताना तू बाकावर नव्हतीस. परतीची बस असेल तुझी.

दादा

१२ डिसेंबर

श्वासबाई,

निकालाची प्रत तुला मिळाली असेलच. सवयीचा ठपका काढला, अक्षराच्या चुकीसाठी फक्त ताकीद, आणि तुझी मूळ जागा, मूळ खोली, मशीन परत. सोमवारपासून हजर व्हायचंय. वाचून मी व्हरांड्यात इतक्या मोठ्याने हसलो की शिपाई बघायला आला. मग थोडं रडलोही. आता काय लपवायचं.

मी निलंबित आहे, कालपासून. दोषारोपपत्र साडेतीन पानांचं आहे. ड्यूटी सोडून संघटनेचं काम, खोट्या हजेरीच्या सह्या, खोटा अहवाल. मी सवयीने त्यात खोट शोधायला बसलो आणि खोट सापडली नाही. चांगलं लिहिलंय.

तू येशील तेव्हा मी नसेन, म्हणून खोलीचं सांगून ठेवतो. पोर्टेबलचं चाक बदलून घेतलंय, तीन अर्ज लागले. नवा एप्रन आलाय, तो तुझ्या मापाचा आहे. दुसरा तंत्रज्ञ अजून दिलेला नाही. तेव्हा अंगावर सगळं घेऊ नकोस. जेवायच्या वेळी कुलूप लाव आणि जेव.

संघटनेत माझं नाव सध्या कुणी घेत नाही. अध्यक्षांनी फोन उचलला, पण माझा बचाव सहाय्यक व्हायला कुणी तयार नाही म्हणाले. जो बसेल त्याच्या दोन तासांवर प्रशासन बोट ठेवणार, घाबरतात बिचारे. मी एकतीस लोकांशेजारी बसलो, पण तेव्हा बोलावणारे ते होते, आता हात पसरणारा मी आहे. फॉर्ममध्ये सहाय्यकाच्या नावाची ओळ रिकामी सोडून दिलीय. एकट्याने बसता येतं, नियमात बसतं. हे फक्त कळवलं. यात मागणं नाही, आणि तसं वाटलं तर ही ओळ खोडली असं समज.

लेकीला आशीर्वाद.

दादा

१८ डिसेंबर

दादांना,

तुमची सगळी पत्रं मिळाली. पहिलं फाडलं होतं, मग चिकटवलं. त्यातला तुमचा सहीसाठीचा मजकूर तेवढा चिकटवला नाही.

मी उत्तरं दिली नाहीत, कारण मला रागाने लिहायचं नव्हतं, आणि राग गेलेला नव्हता. अजूनही गेलेला नाही. बॅजचा कागद तुमचा असेल असं मला व्हरांड्यातच वाटलं होतं. तुम्ही खोटं बोलताना माझ्या खांद्याच्या वर कुठे तरी बघता. चौदा वर्षं एका खोलीत काढल्यावर एवढं कळतं. ते तुमच्या तोंडून यायला सहा महिने लागले, म्हणून मी तेवढे दिवस थांबले.

‘आत आहेत’ असं मीच सांगायचे, तेही खरं आहे. मला कुणी सक्ती केली नव्हती. तुम्ही लॉन्ड्रीतल्या मावशीसाठी भांडता याचा मला अभिमान वाटायचा. मला एवढंच हवं होतं की जाताना एकदा तरी विचारावं, तुला आज जमेल का.

काल अधीक्षकांना अर्ज दिला. त्याची प्रत तुमच्यासाठी खाली उतरवतेय.

“विनंती अर्ज. विषय: आठवड्याचे दोन तास मिळण्याबाबत. महोदय, एक्स-रे विभागातील माझे निलंबित सहकारी यांच्या खातेनिहाय चौकशीत मी त्यांची बचाव सहाय्यक म्हणून बसणार आहे. त्याकरिता दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच परवानगी मिळावी. या दोन तासांत खोलीत दुसरा तंत्रज्ञ देण्यात यावा. तो मिळाल्याशिवाय मी खोली सोडणार नाही, व चौकशीची तारीख त्याप्रमाणे पुढे ढकलावी, ही विनंती.”

अधीक्षकांनी दोनदा वाचला. म्हणाले, असा अर्ज आजवर कुणी केला नाही. मी म्हटलं, म्हणूनच केला. शेजारच्या हॉस्पिटलातून गुरुवारपुरता माणूस मागवलाय, आज तसं पत्र गेलं.

तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. ते माझं मी बघेन, त्याला वेळ लागेल. पण तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिलेली मला बघवणार नाही.

एकच अट आहे. त्या टेबलाशी जे घडलं तेच बोलायचं, माझ्या खांद्याच्या वर बघून नाही. तुम्ही एक शब्द जरी फिरवलात तर मी तिथून उठेन आणि खोलीत जाईन, कारण तिथे माझे पेशंट थांबलेले असतील.

गुरुवारी पावणेतीनला कचेरीच्या पायऱ्यांपाशी या. जेवून या.

तुमची,
धाकटी बहीण